रोझमेरी हिवाळ्यातून जगवताना: पाच झाडांच्या नोंदी (चुकांसकट)

आधी थोडं मागचं. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे तीन रोझमेरी (स्वयंपाकात वापरतात ती सुवासिक झुडपं) होत्या, तिन्ही गेल्या. दोन डिसेंबरात गेल्या आणि तिसरी फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे अगदी तोंडाशी आल्यावर. का गेल्या ते कळलंच नाही कारण रोझमेरी कधी मान टाकत नाही हो, बाकी झाडं पाणी कमी झालं की लगेच मलूल होतात, हिची पानं मुळात सुईसारखी ताठ, त्यामुळे मेल्यावरही आठ-दहा दिवस हिरवीच दिसते. हात लावला की पानं भुरभुर गळतात तेव्हा समजतं. म्हणून यंदा वही केली. ज्यांच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो त्यांच्यासाठी हे आहे. जिथे थंडी नुसती गुलाबी असते तिथे झाड खुशाल बाहेर ठेवा, हे सगळं करायची गरज नाही.

28 सप्टेंबर

मोजदाद केली. एकूण पाच झाडं.

एक नंबर सगळ्यात मोठं, शेजारच्या काकू घर बदलून गेल्या तेव्हा देऊन गेल्या, चारेक वर्षांचं आहे, खोड लाकडासारखं, 35 सेंमीची प्लास्टिक कुंडी. दोन आणि तीन नंबर ही गेल्या वर्षी मेलेल्या तिसऱ्या झाडाची पोरं, ते मरायला लागलंय असं वाटल्यावर हिरवे राहिलेले शेंडे कापून लावले होते, सातापैकी दोन जगले. चार आणि पाच नर्सरीतून आणलेली. चार अजून नर्सरीच्याच काळ्या कुंडीत आहे. पाच मी मे महिन्यात दक्षिणेकडच्या भिंतीलगत जमिनीत लावलंय.

पाचच्या लेबलवर सॅल्व्हिया रोझमॅरिनस असं लिहिलेलं, मी आधी परत ठेवत होते, म्हटलं हे साल्व्हिया काहीतरी भलतंच दिसतंय. पण ते हेच. पूर्वीचं रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस हे नाव जाऊन आता हे साल्व्हियाच्या वंशात (जीनसमध्ये) धरतात, ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनेही 2019 मध्ये हे नाव स्वीकारलं. त्याखाली जात लिहिली होती आर्प. ती टेक्सासमधल्या आर्प नावाच्या गावात सापडली म्हणून आर्प, आणि थंडी सोसणाऱ्या जातींमध्ये तिचं नाव पहिल्यांदा घेतात. म्हणून तिलाच जमिनीत टाकलं, बाकीच्यांची जात माहीत नाही.

5 ऑक्टोबर

दोन आणि तीन नंबरच्या कुंड्या बदलल्या. 16 सेंमीच्या मातीच्या कुंड्या, न रंगवलेल्या. मिश्रण: दोन भाग साधी पॉटिंग माती, एक भाग पर्लाईट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे), एक भाग जाड वाळू. वाळू जाडच पाहिजे, बारीक वाळू मातीत मिसळली की सिमेंटसारखी बसते, हे मी स्वतः करून बघितलंय.

गेल्या वर्षी कुंडीच्या तळाला खड्यांचा थर दिला होता, निचरा चांगला व्हावा म्हणून. तो उलटा पडला. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत लगेच उतरत नाही, थराच्या वरच थबकून राहतं, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. यंदा खडे नाहीत, भोकावर जाळीचा तुकडा फक्त.

चार नंबरची कुंडी बदलायला घेतली होती पण काळोख पडला, म्हटलं जाऊ दे, वसंतात बघू. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

12 ऑक्टोबर

एक नंबर फार पसरलं होतं, दारातून आत जाणार नाही असं वाटलं म्हणून छाटलं. डाव्या बाजूच्या दोन फांद्या पार खाली, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापल्या. कापून झाल्यावर आठवलं की रोझमेरीला जून लाकडातून सहसा फुटवा येत नाही, हिरवी पानं असलेला थोडा तरी भाग ठेवून कापायचं असतं. शिवाय हिवाळ्याच्या तोंडावर मोठी छाटणी केली की कोवळी फूट येते आणि तीच पहिल्यांदा थंडीत करपते. म्हणजे एका कात्रीत दोन चुका. आता कापलेलं चिकटवता येत नाही.

खत आजपासून बंद. मार्चपर्यंत काही नाही.

20 ऑक्टोबर

रात्री उणे 1. घरात सगळ्यांनी मला हाका मारल्या, झाडं आत घे म्हणून. घेतली नाहीत, मुद्दाम. थोडी थोडी थंडी खाऊन झाड टणक होतं आणि अशा हलक्या गारठ्याने रोझमेरीला काही होत नाही. गेल्या वर्षी मी सप्टेंबरातच लाडाने आत घेतली होती, गरम खोलीत. कोवळी पिवळट लांबट फूट आली, मला वाटलं वा काय वाढतंय! ती वाढ नव्हती, उजेडासाठी धडपड होती.

पण कुंडीतली मुळं जमिनीतल्या मुळांसारखी सुरक्षित नसतात, चारही बाजूंनी गारठतात. म्हणून माझा आकडा ठरवलाय, रात्री उणे 3 ते 4 सांगितलं की कुंड्या आत. जमिनीतली बाहेरच.

2 नोव्हेंबर

आज हलवल्या. आख्खी दुपार गेली. आत नेण्याआधी प्रत्येक झाड आडवं धरून पाइपने धुतलं, पानांच्या खालच्या बाजूने, कारण बाहेर किडीला खाणारे कीटक असतात, आत कोणी नसतं. एक नंबरच्या शेंड्यांवर मावा होता. साबणाचं पाणी मारलं, कीड मारण्यासाठीचा साबण मिळतो तोच वापरा, भांड्यांच्या साबणाने गेल्या वर्षी पानांची टोकं जळाली होती.

जागा अशा: एक, दोन आणि चार बैठकीच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीत, तिथे 20-21 अंश असतं. तीन नंबर काचा लावलेल्या व्हरांड्यात, तिथे हीटर नाही, रात्री 4-5 अंश, दिवसा ऊन आलं तर 12-13. हा प्रयोग आहे, एकाच आईची दोन पोरं, एक उबेत एक गारठ्यात.

एक नंबर उचलताना नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. पुढच्या वर्षी खाली चाकं.

9 नोव्हेंबर

खोलीतल्या तिन्हींची आतली, खोडाजवळची पानं पिवळी होऊन गळतायत. घाबरून पाणी घातलं नाही, हे यंदाचं पहिलं यश. जागा बदलली की थोडी गळ होते, टोकं हिरवी आहेत तोवर थांबायचं.

पाण्याचं कसं ठरवायचं यावर विचार केला. बोट घालून बघा असं सगळे सांगतात, वरची दोन-तीन सेंमी माती कोरडी झाली की पाणी. पण वरून कोरडं आणि आत चिखल असंही असतं. म्हणून काटा. किचनमधला वजनकाटा आता कुंड्यांचा झालाय, एक नंबर सोडून, ती काट्यावर मावत नाही, तिला मी नुसती एका बाजूने कलती करून अंदाज घेते.

पद्धत: भरपूर पाणी घालायचं, खालून वाहेपर्यंत, अर्धा तास निथळू द्यायचं, बशीतलं पाणी ओतून टाकायचं, मग वजन. नंतर वरची माती कोरडी लागेल त्या दिवशी परत वजन. दोन आकडे कुंडीवर पेन्सिलीने लिहून ठेवायचे.

23 नोव्हेंबर

दोन आठवड्यांचे आकडे. दोन नंबर ओली 2840 ग्रॅम, पाणी मागायच्या वेळी 2310. खोलीत हे 530 ग्रॅम जायला 7 दिवस लागले. तीन नंबर तशीच कुंडी, तेच मिश्रण, व्हरांड्यात 14 दिवस झाले तरी अजून 2420 वर आहे! म्हणजे गारठ्यातल्या झाडाला निम्म्याहून कमी पाणी लागतं. गेल्या वर्षी मी दर रविवारी सगळ्यांना सारखं पाणी घालत होते, पंगतीत वाढल्यासारखं.

चार नंबर विचित्र. पाणी घातलं, खालून लगेच वाहिलं, वजन फक्त 90 ग्रॅम वाढलं. परत घातलं तर परत तेच. काटा बिघडलाय बहुतेक, सेल बदलून बघते.

24 नोव्हेंबर

सेल बदलले. तेच येतंय. बघू.

30 नोव्हेंबर

दिवस लहान झाले, खिडकीत ऊन जेमतेम चार तास, ढग असले की तेही नाही. रोझमेरीला सहा-आठ तास थेट ऊन लागतं. एलईडीची पांढरी ट्यूब लावली, झाडांच्या शेंड्यांपासून 20 सेंमीवर, टायमरवर 13 तास. जांभळा उजेड देणारे दिवे आणू नका, झाडाला चालतो पण त्या खोलीत माणसांना बसवत नाही.

व्हरांड्यातल्या तीन नंबरला दिवा नाही. गारठ्यात झाड जवळजवळ झोपलेलं असतं, त्याला कमी उजेडही पुरतो. खरी पंचाईत उबदार खोली आणि कमी उजेड एकत्र आले की होते.

4 डिसेंबर

टायमरचं बटण कोणीतरी बंद केलेलं, चार दिवस अंधार. मुलगा म्हणतो, "आई, मोबाईल चार्ज करायला काढलं होतं गं." आता त्या प्लगवर चिकटपट्टी.

8 डिसेंबर

दोन नंबरच्या पानांवर पांढरी पूड. आधी वाटलं धूळ, बोटाने पुसलं तर निघाली, दुसऱ्या दिवशी परत. भुरी, म्हणजे पानांवरची बुरशी. एक नंबरच्या ज्या फांद्या दोन नंबरला टेकल्या होत्या तिथेही आहे. कारण मीच, एकाच दिव्याखाली तिघींना दाटीवाटीने बसवलं, वर खिडकी बंद. हवा हलत नाही, उजेड कमी, भुरीला आणखी काय पाहिजे. गंमत म्हणजे थंडीत त्यांना सोबत हवी म्हणून मी पानांना पानं लावून ठेवली होती.

केलं ते असं: सगळ्यात खराब शेंडे कापून कचऱ्यात, कुंड्यांमध्ये दोन वीत अंतर, आणि एक छोटा टेबलफॅन दिवसातून सहा तास, झाडावर थेट नाही, भिंतीवर मारून परत येईल असा. फवारणीसाठी एक भाग दूध नऊ भाग पाणी. चार दिवसांनी परत.

14 डिसेंबर

दुधाने भुरी पसरायची थांबली पण खोलीत आंबूस वास. सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी नासलंय गं, फ्रीज बघ." फ्रीज नाही आई, रोझमेरी. दुसऱ्या वेळेला पोटॅशियम बायकार्बोनेट वापरलं, पाकिटावरच्या प्रमाणात, सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी. ते बरं पडलं. पण मला वाटतं खरं काम पंख्याने केलं, कारण एक नंबरवर मी दुसरी फवारणी केलीच नाही तरी भुरी परत आली नाही.

व्हरांड्यातल्या तीन नंबरवर भुरीचा मागमूस नाही.

20 डिसेंबर

उद्यापासून दोन आठवडे बाहेरगावी. सगळ्यांना वजन बघून पाणी दिलं. सासूबाई घरी आहेत, त्यांना सांगितलंय की झाडांना काही करू नका. नुसतं तोंडी सांगितलं. कागदावर लिहून कुंडीवर चिकटवायला हवं होतं.

5 जानेवारी

आलो. सगळ्या कुंड्या वरून काळ्याभोर ओल्या. "अगं, माती कोरडी दिसत होती म्हणून रोज एकेक भांडं घातलं. झाडं उपाशी ठेवून तुम्ही जाता आणि..." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ज्यांना झाडांची माया असते त्यांना कोरडी माती बघवत नाही, मलाही बघवत नव्हती गेल्या वर्षी.

बशा भरलेल्या. सगळ्यात वाईट तीन नंबर, व्हरांड्यात 4 अंशात पाण्यात बसलेली, वजन 2960, म्हणजे निथळल्यावर जेवढं भरायला हवं त्याच्याही वर. बशी काढली, कुंडी दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवली. एक नंबरला काही झालेलं दिसत नाही, एवढ्या मोठ्या कुंडीला रोजचं भांडंभर पाणी पुरतंच नसणार. चार नंबर हिरवं आहे, बरं आहे असं वाटतंय. पाणी पूर्ण बंद.

11 जानेवारी

तीन नंबर अजून 2790. चार नंबरचा हिरवा रंग राखाडीकडे झुकलाय, पानं आतल्या बाजूला वळतायत. पाणी जास्त झालं म्हणूनच असणार, वरची माती ओली आहे अजून. पाणी देत नाहीये.

18 जानेवारी

चार नंबर गेलं. सकाळी हात लावला आणि निम्मी पानं हातात. रागाने कुंडीतून उपटून काढलं, कुजलेली काळी मुळं बघायची तयारी ठेवून. तर मुळं पांढरट-तपकिरी, कोरडी, मातीचा गोळा विटेसारखा. वरचा बोटभर थर ओला, बाजूने कुंडीला लागून ओल, आणि मधला सगळा गोळा ठणठणीत कोरडा. चाकूने कापला तर धूळ उडाली.

नर्सरीची माती बहुतेक पीटची (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची) असते, ती एकदा पूर्ण सुकली की पाणी शोषतच नाही, वरून घातलेलं पाणी गोळा आणि कुंडीच्या मधल्या फटीतून खाली पळतं. वर मुळांनी गोळा आवळलेला. म्हणजे हे झाड पाण्यात बुडून मेलं नाही, तहानेने मेलं, तेही रोज पाणी मिळत असताना. आणि मी शेवटचे तेरा दिवस तेही बंद केलं.

मग वही उघडून 23 नोव्हेंबरची नोंद वाचली. नव्वद ग्रॅम. तेवढ्या कुंडीने तीनशे तरी प्यायला हवं होतं. काटा बरोबर सांगत होता, मी त्याचे सेल बदलत बसले. तेव्हाच कुंडी बादलीत कडेपर्यंत बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत अर्धा-पाऊण तास ठेवली असती तर वाचलं असतं, आणि त्याहीआधी ऑक्टोबरात कुंडी बदलून गोळा मोकळा केला असता तर हा प्रश्नच आला नसता.

भीतीने लगेच तीन नंबरही काढून बघितलं. तिथे उलटी गोष्ट, तळाची मुळं तपकिरी, बोटाने दाबली तर साल सुटून येते, थोडा कुबट वास. पण वरची दोन तृतीयांश पांढरी, घट्ट. भर हिवाळ्यात कुंडी बदलू नये असं म्हणतात पण कुजकी मुळं तशीच ठेवणं त्याहून वाईट. मऊ मुळं कात्रीने काढली, कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसली, कोरड्या मिश्रणात, यावेळी त्यात निम्मा भाग पर्लाईटच, त्याच कुंडीत परत, कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन. पाणी पाच दिवस नाही.

बाहेरून दोन्ही झाडं सारखीच दिसत होती, तीच राखाडी छटा, तीच वळलेली पानं. एक तहानलेलं, एक बुडालेलं. कुंडीतून काढून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि काढून बघितल्याने झाड मरत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. मी उगाच सात दिवस घाबरत बसले.

26 जानेवारी

पाच नंबरबद्दल काही लिहिलंच नाही कारण काही करत नव्हते. नोव्हेंबरात बुंध्याभोवती बारीक खडीचा थर घातला होता, पालापाचोळा मुद्दाम नाही, तो ओला होऊन खोडाला कुजवतो. आजवर उणे 6 पर्यंत झेललं. आता आठवडाभर उणे 10-11 सांगतायत. पांढरं फ्लीसचं (झाडं झाकायचं हलकं) कापड दुहेरी करून गुंडाळलं, चार काठ्या रोवून, कापड पानांना टेकणार नाही असं. बर्फ पडला तर फांद्यांवरून झाडून टाकायचा, वजनाने फांद्या खोडापासून चिरतात.

3 फेब्रुवारी

थंडी ओसरली पण कापड काढायला विसरले. चार दिवस ऊन होतं, आत दमट झालेलं, खालच्या पानांवर करडी बुरशी. ती पानं काढली. दिवसा पारा शून्याच्या वर गेला की कापड उघडायचंच.

दक्षिण-पश्चिमेकडची टोकं तपकिरी झालीत, वाऱ्याची बाजू. माती गोठलेली असताना ऊन आणि वारा पानांतलं पाणी ओढून नेतात आणि मुळं खालून देऊ शकत नाहीत, म्हणजे इथेही तहानच. भिंतीकडची बाजू हिरवी.

15 फेब्रुवारी

तीन नंबर जगलं!! नुसतं जगलं नाही, शेंड्याजवळ बारीक निळसर कळ्या दिसतायत. खोलीतल्या दोन नंबरला एकही नाही, ते उंच झालंय, गाठीगाठीत अंतर जास्त, फांद्या लवचिक. दोघी एकाच आईच्या. थंडी खाल्लेली फुलावर येतेय आणि उबेतली नुसती उंच झालीय.

विमा म्हणून एक नंबरवरून कटिंग घेतली, दहा. 8 ते 10 सेंमीचे शेंडे, अगदी कोवळे नाहीत आणि लाकूड झालेलेही नाहीत, वाकवले तर वाकून मग मोडतील असे. खालची निम्मी पानं काढली, मुळं फुटायची पावडर लावली, ओल्या पर्लाईटमध्ये खोचले. वरून पिशवी घातली नाही, गेल्या वर्षी पिशवीत सात पैकी पाच सडले होते.

1 मार्च

एक नंबरच्या पानांवर बारीक फिकट ठिपके. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली, कागदावर चालणारे ठिपके. लाल कोळी. खिडकीखालचा हीटर जोरात होता गेले दोन आठवडे, कोरड्या गरम हवेत हे वाढतातच. न्हाणीघरात नेऊन शॉवरखाली धुतलं, माती प्लास्टिकने झाकून, नाहीतर भुरीतून वाचलेलं झाड पाण्याने मारायचे. दर तीन-चार दिवसांनी, चार वेळा, कारण अंड्यांवर पाण्याचा फारसा परिणाम होत नाही, नवीन पिल्लं निघाली की परत धुवायचं. हीटर कमी केला. (घरातले स्वेटर घालून बसले.)

12 मार्च

कोळी गेले बहुतेक. कागद स्वच्छ.

16 मार्च

पाच नंबरची तपकिरी बाजू. नखाने साल खरवडली, टोकाला खाली तपकिरी कोरडं, चार बोटं खाली आलं की हिरवं. हिरवं लागलं त्याच्या वर, पानांच्या वर, कापलं. एक आख्खी फांदी बुडापर्यंत मेलेली, ती काढली. झाडाचा तिसरा हिस्सा गेला असेल. एक नंबरकडे जाऊन डाव्या बाजूची ती दोन ठुंठं बघितली, ऑक्टोबरातली. आतमध्ये हिरवी आहेत पण एक डोळा फुटलेला नाही.

29 मार्च

बाहेर काढायला सुरुवात. पहिल्या दिवशी दोन तास सावलीत, मग रोज तास-दीड तास वाढवत, दहा दिवसांत पूर्ण ऊन. असं लिहिलंय खरं पण दोन नंबरला तिसऱ्याच दिवशी दुपारच्या उन्हात विसरले, वरची पानं पांढरट भाजली. खोलीतलं झाड एलईडीच्या उजेडाला सरावलेलं असतं, खऱ्या उन्हापुढे तो काहीच नाही. तीन नंबरला व्हरांड्यात काचेतून का होईना ऊन मिळत होतं, ते दोन दिवसांत सरावलं.

रात्री अजून उणे 1 होतंय, कुंड्या भिंतीला लावून ठेवल्या, आत नेल्या नाहीत.

13 एप्रिल

हिशोब. पाचपैकी चार जगले. चार नंबर गेलं, पाचचा तिसरा हिस्सा गेला, एक नंबर डावीकडून टक्कल पडल्यासारखं दिसतं आणि तसंच राहणार, उजवीकडच्या फांद्या वाढतील तेव्हा फिरवून ठेवीन. दोन नंबरचे लांबट शेंडे एक तृतीयांश छाटले, पानं ठेवून. तीन नंबर फुललंय, मधमाश्या येतायत, त्याच्याबद्दल काही करायचं नाही. पैशाचं म्हणाल तर दिवा आणि टायमर सगळ्यात महाग पडले, आणि ज्या झाडाला ते मिळाले नाहीत तेच सगळ्यात बरं निघालं. पुढच्या हिवाळ्यात दोन नंबर व्हरांड्यात जाणार, एक नंबरसाठीही तिथेच जागा करतेय. दिवा रोपांसाठी.

दहा कटिंगपैकी सहाला मुळं आली, आठ आठवडे लागले, चार काळ्या पडल्या. हळूच ओढून बघितलं तर सहा घट्ट आहेत, एकीची उपटून मुळं बघितली, दोन-तीन सेंमी पांढरी. चार नंबरची काळी कुंडी घासून धुतली आणि त्यातली सगळ्यात दांडगी कटिंग नव्या मिश्रणात लावली. पाणी घातलं, निथळू दिलं, काट्यावर ठेवलं. 340 ग्रॅम वाढलं. कुंडीवर पेन्सिलीने लिहिलंय.